कॉन्चेर्टोच्या मधोमध सत्कार

तुमच्या बाबाने पाठवलेला तो एक मिनिटाचा व्हिडिओ तुम्ही दोघांनी पाहिलात आणि मला लाल बदामांची रांग पाठवलीत. धाकटीने खाली लिहिलं, आजी तू किती खूश दिसतेस. माझ्या खांद्यावर शाल आहे, हातात नारळ आहे, शेजारी एक पुढारी उभा आहे आणि मी हसते आहे, हे खरं. पण त्याच्या दोन मिनिटं आधी मी एक कॉन्चेर्टो वाजवत होते आणि तो अर्ध्यावर आला होता. हे त्या व्हिडिओत कुठे नाही, म्हणून लिहायला बसले.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. तीस वर्षं मी परभणीत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा मलाही जड गेलं नसतं. पण या हकिगतीत ताडकळसचे एक बँडमास्तर आहेत आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत घातलं की ते दुसरेच कुणी होतात. शब्द अडला तर बाबाला विचारा. मी क्रमाने सांगते.

मी सिकंदराबादला कॉन्व्हेंटमध्ये शिकले. माझे वडील रेल्वेत होते. शाळेच्या हॉलमध्ये दोन पियानो होते आणि केरळहून आलेल्या एक सिस्टर मला आठवड्यातून दोनदा शिकवायच्या. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांनी माझ्यासमोर एका जर्मन संगीतकाराचा कॉन्चेर्टो ठेवला. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचा, ज्याला बरोक म्हणतात त्या काळातला. तेव्हा आजच्यासारखे पियानो नव्हते, हार्पसिकॉर्ड होतं, त्याच्यासाठी तो लिहिलेला. एक की-बोर्ड आणि त्याच्याभोवती व्हायोलिनचा ताफा. सुरुवातीला सगळे मिळून एकच ओळ वाजवतात. कुणाचाही सूर वेगळा नाही, जणू सगळ्यांनी आधी एका कागदावर सह्या करून टाकल्या. मग की-बोर्ड त्यातून सुटतो, स्वतःचं काहीतरी बोलत लांब जातो, आणि आता हा काही परत येत नाही असं वाटत असतानाच ती पहिली ओळ दुसऱ्याच पट्टीत उगवते आणि त्याला आत ओढून घेते. असं पुन्हा पुन्हा. दुसरा भाग संथ आहे. खाली जड आवाजात एकच चाल फिरत राहते आणि तिच्यावर की-बोर्ड गातो. तिसरा भाग धावतो. तिन्ही मिळून बावीस मिनिटं.

पहिल्यांदा ती ओळ परत आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही येतो. ते सूर ठरलेल्या जागी येतात, मला ती जागा पाठ आहे, आणि तरी प्रत्येक वेळी वाटतं की कुणीतरी आपल्याला शोधत आलं.

सिस्टर दुसऱ्या पियानोवर व्हायोलिनचा भाग वाजवायच्या. एकदा मी म्हणाले, "आता मला हा कॉन्चेर्टो येतो." त्या म्हणाल्या, "तुला तुझा भाग येतो. कॉन्चेर्टो एकटीला येत नसतो."

मला आयुष्यात एकदा तो पूर्ण वाजवायचा होता. तिन्ही भाग, दुसऱ्या वाद्यांबरोबर, ऐकणाऱ्या माणसांसमोर. एवढंच मागणं होतं. तुम्हाला ते लहान वाटेल.

लग्न होऊन परभणीला आले. तुमचे आजोबा शेतकी कॉलेजात शिकवत होते. पियानो इथे कुठला असणार? पण आजोबांनी एका बंद पडलेल्या नाटक मंडळीची पायपेटी शोधून आणली. पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायची, टेबलाएवढी हार्मोनियम. तिच्यावर मी माझा भाग वाजवायची आणि व्हायोलिनच्या जागा मनात मोजायची. माझ्या सासूबाई पेडगावच्या. त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अगं, सकाळधरून तेच तेच काय वाजवायलीस? फुडचं येत न्हाई का?" शेजारची विचारायची, "ह्यात देवाचं नाव कुठंय?" यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. तेच तेच परत येतं हे सासूबाईंनी बरोबर ऐकलं होतं.

वाईट वेगळ्या गोष्टीचं वाटायचं. सासरे खोलीत आले की सुनेने उठून उभं राहायचं, ही त्या घरातली रीत होती. सासरे भले गृहस्थ होते. "बस, बस पोरी, चालू दे तुझं," म्हणायचे. पण मी उठले की पाय भात्यावरून निघायचा आणि पेटी हवा सोडून गप व्हायची. ते "बस" म्हणेपर्यंत सूर मेलेला असायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून ते चार वेळा त्या खोलीतून जायचे. त्यांच्यानंतर थोरले दीर, मग आजोबांचे प्राध्यापक मित्र, मग मुख्याध्यापिका. मी सगळ्यांसाठी उठले. कुणीही मला उठवलं नाही हे लक्षात ठेवा. मी उठत होते.

आजोबा गेल्यावर तुमच्या बाबाने अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा इलेक्ट्रिक पियानो पाठवला. बरोबर एक रेकॉर्डिंग पाठवलं, ज्यात फक्त व्हायोलिनं होती आणि की-बोर्डची जागा मोकळी. "आई, आता तुझा ऑर्केस्ट्रा घरात," तो म्हणाला. मी महिनाभर त्याच्याबरोबर वाजवलं. पण रेकॉर्डिंगमधली माणसं कुणासाठी थांबत नाहीत. मी चुकले तर ती पुढे निघून जातात. त्याच वर्षी माझ्या डाव्या हाताची अनामिका सकाळी वाकेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, दोन-तीन वर्षं बोट चालेल. मी मनाशी म्हटलं, मग दोन-तीन वर्षांत.

बँडमास्तर असे भेटले. आमच्या गल्लीत ज्येष्ठात एक वरात होती. डीजेच्या गाडीचा जनरेटर बंद पडला आणि नवरदेव घोड्यावर नुसताच बसून राहिला. कुणीतरी फोन करून ताडकळसचा जुना बँड बोलावला. डीजे आल्यापासून त्यांना असंच कुणाच्या तरी बिघाडावर काम मिळायचं. चार-पाच माणसं धावत आली, आणि म्हाताऱ्या मास्तरांनी क्लॅरिनेटवर एका सिनेमाच्या गाण्याची अशी काही सफाईदार तान घेतली की मी फाटक उघडून वरातीत गेले.

"मास्तर, तुम्ही नोटेशन वाचता का?"

"वाचून कोण वाजवितंय बाई? कानानं घ्यायचं, बोटानं द्यायचं."

"एक वेगळं आहे. विलायती. बसाल का माझ्याबरोबर?"

त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे, मग घोड्याकडे पाहिलं. "आषाढात या म्हना. लगनं बंद झाली की आमाला काय, वेळच वेळ हाय."

आषाढात ते आले. दोन मोटरसायकलींवर चौघं: मास्तर, त्यांचा पुतण्या दुसऱ्या क्लॅरिनेटला, एक सॅक्सोफोनवाला, आणि मांडीवर मोठं पातेलं धरावं तसं पितळी बेसचं वाद्य धरून बसलेला बेसवाला. हा बेसवाला दसऱ्यानंतर बायकोबरोबर ऊसतोडीला जायचा आणि चैत्रात परत यायचा. बाकीच्या काळात बँड. म्हणजे आम्हाला जे करायचं ते दसऱ्याच्या आत. मी सगळ्यांचे भाग सारेगममध्ये उतरवले, सा म्हणजे पांढरी दोन धरून, आणि चार वह्या केल्या. मास्तरांनी वही बाजूला ठेवली. "तुमी वाजवा, आमी ऐकतो."

मी सुरुवातीची ओळ वाजवली. दोनदा. तिसऱ्यांदा चौघांनी ती उचलली. एकाच सुरात, खालपासून वरपर्यंत, पितळ आणि लाकूड मिळून, आणि माझ्या पुढच्या खोलीतल्या कपाटाच्या काचा थरथरल्या. मी हात पट्ट्यांवर तसेच ठेवून बसले. मला पुढचं वाजवताच येईना.

"काय झालं बाई, चुकलं का?"

"नाही."

"मग रडायलाव कामून? हे तर आमच्यावानीच हाय. समदे मिळून एकच वाजवायचं. अवघड काय हाय ह्यात?"

अवघड पुढे होतं. की-बोर्ड एकटा बोलतो तेव्हा बाकीच्यांनी हळू वाजवायचं असतं, किंवा गप राहायचं असतं. हळू वाजवणं त्यांना माहीतच नव्हतं. "लगनात हळू वाजवलं तर नवरदेव घोड्यावरून उतरंल, बाई," सॅक्सोफोनवाला म्हणाला. आणि गप राहणं तर त्यांना चूकच वाटायचं. बँड थांबला की लोकांना वाटतं हे दमले, म्हणून मधली प्रत्येक फट ते भरून काढायचे. मी म्हटलं, इथे सोळा मात्रा गप.

"गप बसायचं बी वाजवणंच हाय का?"

"हो मास्तर. तेही लिहिलेलं आहे."

ते बराच वेळ हसले. "ऐक रे," बेसवाल्याला म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग. गप बसायचं बी लिवलेलं असतंय."

मग मी त्यांना एक सोपा नियम दिला. मात्रा मोजण्यात तुमचं लक्ष गेलं तर सूर जाईल. मोजू नका. माझ्याकडे बघा. मी मान खाली घातली की या, मी हात उचलले की थांबा. सगळं माझ्यावरून. मास्तर म्हणाले, "हे झालं सोपं. वरातीत बी आमी नवरदेवाच्या मामाकडंच बघतो." तेव्हापासून ते मला आपसात मामा म्हणायचे. मला कळायचं, मी न कळल्यासारखं करायची.

त्या तीन महिन्यांचं मला फार सांगता येणार नाही, कारण ते चांगले होते. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते एक. गणपतीचे दहा दिवस त्यांना काम होतं, पण पितृपंधरवड्यात बँडला कुणी बोलवत नाही, तो पंधरवडा आम्हाला रोज मिळाला. बेसवाल्याने संथ भागातली ती खालची फिरणारी चाल अशी धरली की मी वर काहीही करावं, खाली जमीन होती. मास्तर त्या भागाला "दुखाचं" म्हणायचे. "आज दुखाचं आधी घेऊ," म्हणायचे, "पोट भरायच्या आधी चांगलं लागतंय." पितृपंधरवड्याच्या मधल्या एका शुक्रवारी आम्ही पहिला आणि दुसरा भाग न थांबता वाजवला, आणि मला प्रथमच कळलं की सिस्टर काय म्हणत होत्या. मी चुकले, आणि चौघं माझ्यासाठी अर्धी मात्रा थांबले.

ऐकणारी माणसं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मिळवून दिली. ती आता इथल्याच एका कॉलेजात प्राचार्या आहे. कॉलेजचा वर्धापनदिन नवरात्राच्या आदल्या दिवशी होता. मी तिला स्पष्ट सांगितलं, बावीस मिनिटं, मध्ये काही नाही. ती म्हणाली, "बाई, बावीस मिनिटांत पोरं उठून जातील."

"जाऊ देत. मी उठणार नाही."

हे मी म्हणाले होते. जसंच्या तसं.

कार्यक्रम अकराचा होता. प्रमुख पाहुणे, म्हणजे व्हिडिओतले ते पुढारी, यायचे होते. साडेअकरा झाले. प्राचार्या स्टेजमागे आली. "बाई, साहेब सोनपेठला एका बैठकीत अडकलेत. तास तरी लागेल. तोवर तुमचं घेऊ या का?"

मी विचारलं, "आणि मध्येच आले तर?"

"आले तर बसतील की खाली. मी आहे ना."

चौघांनी बँडचे लाल कोट घातले होते, पितळी बटणांचे. मास्तरांनी केसांना तेल लावलं होतं. आम्ही सुरू केलं. पहिली ओळ हॉलमध्ये अशी गेली की मागच्या बाकावरची मुलं मोबाईल खाली ठेवून पुढे वाकली. मी हे पाहिलं. पहिल्या भागात माझी दोनदा चूक झाली, ती त्यांनी सावरली. भाग संपल्यावर काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी त्यांना गप केलं. मग दुखाचं सुरू झालं. बेसवाला खाली फिरू लागला. मी वर आले. अनामिका ऐकत होती. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता, म्हणजे बाकी सगळं शांत होतं.

तेव्हा बाहेर गाड्यांची दारं आपटली. सूत्रसंचालक हातात माईक घेऊन स्टेजच्या कडेला धावत आला आणि म्हणाला, "आपले सर्वांचे लाडके प्रमुख पाहुणे, यांचं सभागृहात आगमन होत आहे..."

आता नीट वाचा, कारण हे मी सगळ्यांना वेगळं सांगितलं आहे. तुमच्या बाबालासुद्धा.

मी उठले. कुणीही सांगितलं नाही. सूत्रसंचालक अजून वाक्य संपवत होता, पहिल्या रांगेतली माणसं अजून बसलेली होती. दारातून पांढरे कपडे घातलेला, माझ्या मुलाच्या वयाचा एक माणूस आत आला आणि मी पट्ट्यांवरून हात उचलून उभी राहिले. मी हात उचलले म्हणून ते थांबले. चौघं माझ्याकडे बघत होते, जसं मी शिकवलं होतं. मामा उभा आहे, पाहुणा दारात आहे, माईकवर स्वागत चाललं आहे. मास्तरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि क्लॅरिनेट वर केली. बँडने चाळीस वर्षं अशा क्षणी जे वाजवलं तेच वाजवलं. स्वागताची धून. सॅक्सोफोनवाला तर उभाही राहिला. पूर्ण जोरात, कुठेही हळू नाही.

हॉल टाळ्यांनी भरून गेला. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्या धुनेला मिळाल्या.

मग शाल आणि नारळ. साहेबांनी माईक घेतला आणि म्हणाले की या वयातही आजी हार्मोनियम वाजवतात ही आपल्या भागासाठी अभिमानाची गोष्ट आहे, तरुणांनी यांचा आदर्श घ्यावा. फोटोवाला म्हणाला, "आजी, इकडं बघा, हसा जरा." मी हसले. तो तुमचा व्हिडिओ.

"उरलेलं भाषणानंतर घेऊ," सूत्रसंचालक म्हणाला. भाषण पाऊण तास चाललं. त्यानंतर जेवण होतं. मुलं दारातून बाहेर सांडली आणि मांडववाला वायर गुंडाळू लागला.

स्टेजमागे प्राचार्या माझ्याकडे आली. तिचे डोळे भरले होते. "बाई, का थांबलात? मी साहेबांना फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, कार्यक्रम चालू असेल, गुपचूप येऊन बसा. ते बसलेच असते हो."

ते बसलेच असते. पन्नास वर्षं मी ज्यांच्यासाठी उठले त्यातले किती जण आपले आपण बसले असते, हा हिशोब एका क्षणात माझ्या डोक्यात उलटा फिरायला लागला. तो मला तिथे उभ्या उभ्या पेलला नसता. मी म्हणाले, "मी काय करणार? बँडने धून सुरू केली."

मास्तर दोन हात अंतरावर क्लॅरिनेटचे तुकडे पुसून पेटीत ठेवत होते. त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं आता ते बोलतील. ते प्राचार्येशी बोलले.

"व्हय मॅडम. माझ्याच हातानं झालं. पाव्हणे म्हटलं की हात आपोआप जातो."

मी गप्प राहिले. ते गप्प राहणं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

वाजवायच्या राहिलेल्या अर्ध्या कॉन्चेर्टोला अजून मार्ग होता. पुढच्या रविवारी, दसऱ्याला तीन दिवस असताना, सकाळी दोन मोटरसायकली फाटकाशी थांबल्या. चौघंही होते. मास्तर फाटकाबाहेरूनच म्हणाले, "बाई, आज आमाला काम न्हाई. सुपारी व्हती, ती बी आमी सोडली. पहिल्यापासून शेवटपस्तोर एकदा वाजवू. लोकं नसले तर नसले. गल्लीतल्यांना बोलवू. हा दसरा झाला की उसाला निघायलाय, मग न्हाई जमायचं."

बेसवाला मांडीवरचं ओझं सावरत मान हलवत होता.

मी ओट्यावर उभी होते. माझा राग मास्तरांवर होता. खरं म्हणजे तो असायचं काही कारण नव्हतं, आणि कारण नव्हतं म्हणूनच तो सोडवेना. आठ दिवसांत मी तीच गोष्ट प्राचार्येला, तुमच्या बाबाला, शेजारणीला इतक्या वेळा सांगितली होती की मला आता ती तशीच दिसत होती. मास्तर पाहतात, क्लॅरिनेट उचलतात, माझा सूर बुडतो. त्यांना आत घेतलं असतं तर संथ भागात पुन्हा त्या जागी पोचावं लागलं असतं, चौघांनी माझ्याकडे बघत असताना.

"आज जमणार नाही, मास्तर. घरी पाहुणे आहेत."

मास्तरांनी दाराशी पाहिलं. तिथे माझी एकटीची चप्पल होती. त्यांनी ती पाहिली, मी त्यांना पाहताना पाहिलं.

"बरं बाई," ते म्हणाले. "पाव्हण्यांचं बघा." बेसवाल्याने पाणी मागितलं. मी तांब्या दिला. चौघांनी आळीपाळीने वरून पाणी पिऊन तांब्या परत दिला आणि मोटरसायकली वळवल्या.

पुढचं थोडक्यात. बेसवाला ऊसतोडीला गेला तो चैत्रात परत आलाच नाही. तिकडेच एका गुऱ्हाळावर कायमचा राहिला. सॅक्सोफोनवाला पुण्याला वॉचमन झाला. थंडीत माझी अनामिका पूर्ण ताठ झाली, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या आधीच. मी आता उजव्या हाताचा भाग वाजवते. डाव्या हाताच्या जागी शांतता मोजते, तशी मोजायची सवय मला होतीच.

यंदा वैशाखात मी ठरवलं की मास्तरांना जाऊन सांगायचं. मी कामं टिपून ठेवणारी बाई आहे. कॅलेंडरवर लिहिलं आणि मंगळवारी सकाळच्या एसटीने ताडकळसला गेले. वाक्यही ठरवून ठेवलं होतं. एसटीत मी ते तीन-चार वेळा मनात म्हणून पाहिलं: मास्तर, त्या दिवशी तुमच्या आधी मी उठले होते. धून तुमची चूक नव्हती, आणि मॅडमला मी खोटं सांगितलं.

घर सापडायला त्रास झाला नाही. बँडमास्तर म्हटल्यावर पोराटोरांनी दाखवलं. ते पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. मला पाहून घाईने उठायला लागले.

"बसा, बसा मास्तर."

"अवो बाई, तुमी कशाला आलात एवढ्या उन्हात? निरोप धाडायचा की. मीच आलो असतो." बोलताना त्यांचा आवाज वेगळा येत होता. पुढचे दात गेले होते. माघात काढले, म्हणाले, हिरड्या सडल्या होत्या. कवळी बसवली आहे पण क्लॅरिनेटला चालत नाही. "ओठाला टेकाच न्हाई बाई. फुंक समदी बाजूनं जायलीय." त्यांनी क्लॅरिनेट पुतण्याला दिली होती. पुतण्या आता डीजेवर काम करतो, त्यामुळे ती पेटीत आहे.

त्यांच्या बायकोने चहा आणला. "ह्याच त्या बाई," ते तिला म्हणाले. "ह्यांच्याच घरी आमी ते विलायती शिकलो." ती म्हणाली, "ते व्हय? घरात बी तेच वाजवायचे. मी म्हणायचे, अवो पुढचं येत न्हाई का?" तिघंही हसलो. चहा गोड होता. मी कप खाली ठेवला आणि वाक्य सुरू करायला तोंड उघडलं.

"मास्तर, त्या दिवशी..."

"बाई, आधी मला बोलू द्या," त्यांनी दोन्ही हात जोडले. "लय दिवस झाले, मनात हाय. त्या दिवशी आमच्यामुळं तुमचं समदं इस्कटलं. तुमचा एकच दिवस व्हता आन आमी धून धरली. घरी आलो तर तुमी आत घेतलं न्हाई, बरोबरच केलं. मी असतो तर मी बी घेतलं नसतं. मला झोप न्हाई आली बाई कैक दिवस. माफ करा म्हणायला यायचं व्हतं, पण तुमच्या दारात यायचं तोंड न्हवतं."

त्यांना खरंच तसंच वाटत होतं. मला सांभाळून घेण्यासाठी ते त्या दिवशी बोलले असतील अशी एक आशा मी इतके महिने धरून होते. तसं काही नव्हतं. मी इतक्या खात्रीने सांगितलं होतं की त्यांना स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझं खरं वाटलं. मी बाई होते, शिकलेली, त्यांना शिकवणारी.

त्यांची बायको पदराने कपाळ पुसत माझ्याकडे बघत होती. मास्तरही बघत होते, चेहऱ्याकडे, हातांकडे, मी काय करते ते. मी एक शब्द बोलले असते तर ते स्वतःला दोष द्यायचे थांबले असते.

"जाऊ द्या, मास्तर," मी म्हणाले. "झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, ते मोकळं हसले, दात नसलेलं. एसटी स्टँडपर्यंत ते माझी पिशवी घेऊन आले, बस येईपर्यंत उन्हात उभे राहिले, आणि मी खिडकीशी बसल्यावर त्यांनी खालून पुन्हा एकदा हात जोडले.